बोडीवरची बाई

६ ऑगस्ट, बुधवार. घुग्घुस.

नागपूरच्या कुठल्याशा पुरवणीसाठी एका मुलीनं आज फोनवर मुलाखत घेतली. पहिला प्रश्न, "सर, तुम्ही रात्री बारानंतरच लिहिता का?" मी म्हणालो, हो, मेणबत्ती लावून. तिनं ते लिहूनही घेतलं.

खरं म्हणजे सकाळी साडेनऊला रीना स्कूटीवरून तिच्या शाळेत शिकवायला जाते. मग मी टेबलावरची खाणीतल्या कोळशाची भुकटी पुसतो, ट्रकांच्या रस्त्याकडची खिडकी लावतो, कुकर चढवतो आणि दहा ते एक लिहितो. माझी सगळ्यात गाजलेली हडळ दोडक्याच्या शिरा काढताना सुचलेली आहे. पण हे छापलं तर घाबरणार कोण? माझं नाव इसरू आहे हेसुद्धा कुठे छापून येत नाही. इसरू झाडे नावाच्या माणसाला कोणी घाबरत नाही, म्हणून ईशान.

दुपारी दिव्यानीचा फोन. ही मुंबईच्या ऑडिओ ॲपवाल्यांची क्रिएटिव्ह हेड, वय सव्वीस. माझी लॉजमधल्या बंद खोलीची गोष्ट तिनं परत केली. "ईशान सर, हे कुठेही घडू शकतं. काहीतरी मातीतलं द्या ना. तुमच्याकडे तर जंगल आहे." जणू ते मी कपाटात घडी घालून ठेवलं आहे. हिनं पाहिलेलं जंगल म्हणजे सफारीच्या जिप्सीतून दिसतं तेवढं. बरं, मातीतलं तर मातीतलं. देतो.

१४ ऑगस्ट

सुचलं. 'बोडीवरची बाई'. दिव्यानीला बोडी म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागली. धानाच्या शेताच्या वरच्या अंगाला पाणी साठवायचं लहान तळं, बाई. "ओह, लेक," म्हणाली.

भुताच्या गोष्टी लिहिणाऱ्यांत बहुतेक गाढवं भरली आहेत. पांढरी साडी, मोकळे केस, उलटे पाय. उलट्या पायांना आता शेंबडं पोरही भीत नाही. माणूस भितो ओळखीच्या गोष्टीला. म्हणून माझी बाई म्हातारी आहे, तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं आहे, बोलताना ती मान तिरकी करते. कमरेला कापडी पिशवी, पिशवीत मुळ्या. दुपारभर बोडीच्या काठच्या पाळीवर दोन शेळ्या घेऊन बसते आणि त्यांच्याशी पुटपुटते. कोणाचं तान्हं बाळ मांडीवर आलं की त्याच्या पायाची बोटं मोजते. दहा भरली की पुन्हा पहिल्यापासून मोजते. ही बोटं मोजण्याची जागा लिहिल्यावर मला स्वतःलाच शहारा आला, आणि तो सहसा येत नाही.

संध्याकाळी रीनानं वाचलं. "ही तर मोठमाय आहे," म्हणाली.

"ही व्यक्तिरेखा आहे."

"मग व्यक्तिरेखेच्या पिशवीत वेखंड काऊन आहे?"

शाळामास्तरणीला कलेतलं काय सांगावं? मोठमाय म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, कलाबाई. आई गेल्यावर चौथीपासून दहावीपर्यंत तिनंच मला सावरटोल्यात ठेवून घेतलं. बाळंतिणींच्या पोरांना न्हाऊ-माखू घालते, गावातली निम्मी पोरं तिनं चोळून मोठी केली आहेत. तिच्यावरून दोन-चार तपशील उचलले हे खरं. लेखक आणखी कुठून उचलणार? आणि सावरटोला राहिलं आरमोरीच्या पुढे, जंगलाच्या कडेला. तिथं कोण ऐकतं?

२ सप्टेंबर

पहिले सहा भाग आले. वाचणाऱ्या बाईचा आवाज बरा आहे, 'धान'ला 'ध्यान' म्हणते तेवढं सोडून.

सुरुवातीला एक वाक्य माझं नाही: 'गडचिरोलीच्या जंगलातील सत्य घटनेवर आधारित.' दिव्यानीला विचारलं. "सर, त्यानं लोक शेवटपर्यंत ऐकतात." खालच्या प्रतिक्रिया वाचल्या. सातारचा एक इंजिनिअर विचारतो, ही बाई अजून जिवंत आहे का. आणि म्हणे विज्ञानयुग. मी आयुष्यात एक लिंबू ओलांडताना थबकलो नाही, आणि माझ्यावर जगतात ती ही असली माणसं. एका ओळीसाठी काय भांडायचं? राहू दे.

२१ सप्टेंबर

चंद्रपुरात सत्कार. अध्यक्ष एक वनकवी. त्यांनी सागाच्या पानावर तेरा कविता केल्या आहेत आणि त्यांतल्या सात आज म्हटल्या. मग माझ्याकडे वळून, "भयकथा हे साहित्य आहे का, यावर विचार व्हावा." व्हावा. तोपर्यंत माझे अठरा भाग लाखांनी ऐकले गेले आहेत, आणि त्यांचं पान त्यांच्या बायकोनंसुद्धा शेवटपर्यंत वाचलं नसावं. शाल मात्र चांगली होती.

५ ऑक्टोबर

सावरटोल्याहून लटारूचा फोन. आम्ही एका बाकावर बसायचो. आता बसथांब्यावर त्याची चहाची टपरी आहे.

"तुही गोष्ट स्पीकरवर लावतो आमी, रोज चार वाजता. अख्खा गाव येते आयकाले."

मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? गावानं मला शेवटची हाक मारली ती दहावी पास झालो तेव्हा.

"त्यातली बाई कोन होय ते समजलं आमाले," लटारू म्हणाला. मी हसलो. ओळखण्याजोगं लिहिलं याचीच ती पावती.

"आता नाई येत कलाबाई बोडीवर," तो म्हणाला.

वय झालं तिचं. सत्तरी ओलांडली. गुडघे राहिले नसतील.

७ ऑक्टोबर

तेहेतिसावा भाग. बाई ज्या बाळाच्या कपाळावरून हात फिरवते ते सुकत जातं. लिहायला दोन तास, एकही खाडाखोड नाही. फार दिवसांनी हात असा चालला. कुकर जळला.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

रीनानं मोठमायला लुगडं पाठवलं होतं. पोचल्याचं सांगायला मोठमायनं लटारूच्या फोनवरून फोन केला. ती फोनवर ओरडून बोलते, आज हळू बोलत होती.

"बाबू, तू ते बोडीवरच्या बाईचं लिवून राह्यला ना?"

तिच्यापर्यंतही पोचलं म्हणायचं. म्हणालो, हो.

"ते शेवटी मरते काय रे?"

मी म्हणालो, मोठमाय, शेवट आधी सांगत नसतात, मजा जाते. मग म्हणाली, "बरं. लुगडं चांगलं हाये, सांगजो रीनाले."

गंमत वाटली. ज्या बाईनं आयुष्यात पुस्तक उघडलं नाही तिलाही शेवट काय होतो याची घाई. रीनाला सांगितलं तर ती हसली नाही. तिला विनोद समजत नाही, हे जुनंच आहे.

६ नोव्हेंबर

दिव्यानीला शेवट मोठा हवा. "सर, गावानं न्याय केला पाहिजे. लोकांना मोकळं वाटलं पाहिजे." म्हणजे बाईला जाळा. मी आधी म्हणालो, स्वस्त आहे हे. मग लिहायला बसलो आणि स्वस्त राहिलं नाही. गावातली माणसं रांगेनं येतात, प्रत्येकाच्या हातात एकेक काडी, कोणीच बोलत नाही. शेवटच्या माणसाच्या हातात बाळाची झबली. अठ्ठेचाळिसावा आणि शेवटचा भाग. चौदा तारखेला, शुक्रवारी येणार. चांगलं लिहिलं आहे. दोनदा वाचलं. चांगलंच लिहिलं आहे.

११ नोव्हेंबर

रीना काल सकाळी शाळेतून रजा घेऊन कुठेतरी गेली होती. मला सांगितलं चंद्रपूर. आज आल्यावर पर्सही न ठेवता समोर बसली. सावरटोल्याला जाऊन आली होती.

तिनं सांगितलं ते तसंच लिहितो.

मोठमाय हातपंपावर गेली की बायका आपली पाण्याची गुंडी उचलून बाजूला होतात. ती भरून गेल्यावर पंप धुतात. दिवाळीपासून तिला कोणी बाळ चोळायला बोलावलं नाही. छपराच्या कवेलूंवर दोनदा दगड आले. ऑक्टोबरच्या मध्यात गावातल्या रंभाची दीड वर्षाची मुलगी तापानं गेली. मोठमाय त्या पोरीला रोज चोळायची. मोठमायचं धान कापणीला आलं आहे आणि मजूर मिळत नाही. रविवारी समाजमंदिरात बैठक आहे, तिच्यावर.

मी म्हणालो, "अडाणी लोक. विसावं शतकसुद्धा पोचलं नाही तिथं."

"लोक कालही तसेच होते," रीना म्हणाली. "काल तिच्या हातात पोरं देत होते."

"मी नाव घेतलं आहे का तिचं?"

"नाव सोडून काय ठेवलं तुमी?"

मी तिला म्हणालो की भाग आणि ताप यांचा संबंध जोडणं हा तर्काचा दोष आहे. ती उठून हातपाय धुवायला गेली. मग मी तारखा काढून बघितल्या. तेहेतिसावा भाग तेरा ऑक्टोबरला आला. पोर गेली सोळाला.

मोठमायनं फोन केला तो तेवीसला. तिनं काय विचारलं होतं ते वर लिहिलेलं आहे. मी ते पान आज परत वाचलं.

१२ नोव्हेंबर

दिव्यानीला फोन केला. म्हणालो, शेवटचा भाग थांबवा. 'सत्य घटना' ही ओळ काढा. एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे.

"सर, खरंच अशी बाई आहे?" तिच्या आवाजात मला ओळखीचं काहीतरी ऐकू आलं. उत्सुकता होती. मी तिला हसत आलो, पण नवीन तपशील मिळाला की माझाही आवाज असाच होतो.

मग म्हणाली, वरच्यांशी बोलते. संध्याकाळी निरोप: शेवटचा भाग तयार आहे, जाहिरात गेली आहे, करारानुसार हक्क कंपनीकडे आहेत. खाली हात जोडलेलं चित्र.

रीना तिकडच्या पोलीस ठाण्यात कालच अर्ज देऊन आली होती, जादूटोणाविरोधी कायद्याखाली. मला आज सांगितलं. काल का नाही सांगितलं असं विचारलं नाही.

१५ नोव्हेंबर, सावरटोला

दुपारच्या बसनं आलो. मोठमाय अंगणात सूप घेऊन बसली होती. आधी मान तिरकी करून पाहिलं, मग ओळखलं. "जेवला काय?" तिनं विचारलं. घरात भात आणि जवसाची चटणी होती. मी जेवलो. बोलायला म्हणून काही तयार करून आणलं होतं, ते आठवेना.

शेळ्या दिसल्या नाहीत. विचारलं. "एक मेली. एक देल्ली पोरीच्या सासरी." मेली कशानं ते मी विचारलं नाही.

शेवटचा भाग काल इथे टपरीवर वाजला. लटारूनं सांगितलं, संपल्यावर कोणी बोललं नाही, एकेक उठून गेले. म्हणजे मी लिहिलं होतं तसंच.

१६ नोव्हेंबर, रविवार

बैठक दहाला सुरू झाली. शंभरेक माणसं. ठाण्यातून एक जमादार आणि एक शिपाई येऊन खुर्चीत बसले होते. जमादारानं कायदा वाचून दाखवला. लोकांनी तो हवामानाच्या बातम्या ऐकतात तसा ऐकला. मोठमाय दाराजवळ खाली बसली होती, आणि तिच्या चहूबाजूंनी सतरंजी रिकामी होती.

मी उभा राहिलो. म्हणालो, ती गोष्ट मी रचली. बोडीवरच्या बाईत खरं काही नाही.

पोचूभाऊ गावातले वडीलधारे. शांत माणूस, त्यांनी कधी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. आजही नाही. "खोटं असन तं तिच्या डोऱ्यातलं फूल कसं लिवलं तू? तिची पिशवी? बोटं मोजते ते? आमी तं रोज पाहून समजलो नाई, तुह्या गोष्टीतून समजलो."

माझी सगळी हुशारी त्यांनी माझ्याच पुढ्यात मांडली. मी एकेक उलगडायला लागलो. डोळ्यात फूल आलं ते दुसऱ्याच्या शेतात कापताना धानाचं कुसळ लागून, मी सातवीत होतो तेव्हा. पिशवीत वेखंड आणि मुरडशेंग असते, बाळांच्या पोटासाठी. शेळ्यांशी बोलते कारण घरात दुसरं कोणी नाही. बोटं मोजते कारण तिचं स्वतःचं पहिलं मूल सहा बोटांचं होतं आणि जगलं नाही. हे शेवटचं मला माहीत होतं. माहीत असूनच मी ते उचललं होतं. बोलताना मोठमायकडे बघितलं नाही.

कोणीतरी मागून म्हणालं, "हा तिच्याच हातचं खाऊन मोठा झाला. असाच बोलन." दुसरा म्हणाला, "अन् गावातून एकटा हाच काऊन मोठा झाला?"

मी ज्या लोकांना वीस वर्षं मूर्ख म्हणत आलो त्यांनी अगदी माझ्या पद्धतीनं गोष्ट पुढे नेली होती. धागा सुटा ठेवला नव्हता.

तेवढ्यात बायकांतून रंभा उठली. तिशीची असेल. पोर गेल्यापासून बोलत नाही असं लटारू म्हणाला होता. तिच्या नवऱ्यानं तिचा पदर ओढला. तिनं सोडवून घेतला.

"मोठमायनं काई नाई केलं," ती म्हणाली. "पोरीले तीन दिवस ताप होता. मोठमायनं पहिल्याच दिवशी सांगतलं, दवाखान्यात ने. हलक्या धानाची कापनी होती. मी तिले घरी टाकून कापाले गेलो. चवथ्या दिवशी नेलं. मीच नाई नेलं."

आणि खाली बसली. रडली नाही. तिचा नवरा उठून बाहेर गेला. आता या गोष्टीसह तिला त्याच घरात राहायचं आहे, त्याच हातपंपावर जायचं आहे.

मी अठ्ठेचाळीस भाग लिहिले. त्यांत कुठेही एवढी भीती नाही. ते वाक्य ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं तेही लिहून ठेवतो, ही वही दुसऱ्या कोणासाठी नाही. मला वाटलं, हे वाक्य चांगलं आहे. मग स्वतःची किळस आली. पण आधी ते वाटलं.

पोचूभाऊ सतरंजीवरून उठले. मग म्हणाले, "आता काय बोलाव जी? बैठक झाली." लोक उठले. मोठमायजवळ कोणी आलं नाही. रंभाही नाही.

१८ नोव्हेंबर

मोठमायला म्हणालो, घुग्घुसला चल. "धान उभं हाये माह्यं," म्हणाली. विषय संपला.

कालपासून मी कापतो आहे. लटारूनं विळा दिला. अठ्ठावीस वर्षांनी हातात घेतला. मोठमाय एका ओळीच्या शेवटाला पोचते तेव्हा मी मध्यावर असतो. बोटाला चिंधी. शेजारच्या बांधीत, बांधापलीकडच्या तुकड्यात, कापणाऱ्या बायका आमच्याकडे बघतात, मी बघितलं की खाली वाकतात.

दिव्यानीचा निरोप आला. शेवटचा भाग सगळ्यात जास्त ऐकला गेला, दुसरा सीझन मंजूर. ठाण्यातून कंपनीला पत्र गेलं, त्यामुळे आता 'सत्य घटना' काढून 'काल्पनिक' लिहिलं आहे, बारीक अक्षरात. मी लगेच उत्तर दिलं नाही. चिखलाचे हात होते, हे एक कारण. दुसरं म्हणजे 'नाही' लिहायला अजून धीर झाला नव्हता. संध्याकाळी लिहिलं.

२० नोव्हेंबर

फोनवर स्वतःच्या आवाजात वीस मिनिटं बोलून ठेवलं. बैठकीत सांगितलं तेच, पण नीट, क्रमानं, मोठमायचं नाव घेऊन. सहा बोटांचं वगळलं, ते माझं सांगायचं नव्हतं. चार वाजता लटारूनं स्पीकरवर लावलं. माझाच आवाज म्हणून पंधरा-वीस जण जमले. पाचव्या मिनिटाला निम्मे गेले. एक जण चहाचा कप ठेवत म्हणाला, "याच्यात काई नाई, लटारू." संपेपर्यंत पोचूभाऊ बसले होते. त्यांना डुलकी लागली होती की ऐकत होते ते कळलं नाही. उठताना म्हणाले, "उद्या आणखी लावजो. बायकाइले सांगतो."

२२ नोव्हेंबर

रंभा आज विळा घेऊन आली. मोठमायच्या पलीकडच्या ओळीला लागली. दुपारी तिघांनी बांधावर भाकर खाल्ली. मोठमायनं तिला कांदा फोडून दिला. दोघी कापणीबद्दलच बोलल्या. धान यंदा पडलं आहे, दाणा बरा आहे, एवढंच.

हातपंपावर अजून बायका बाजूला होतात. पण आज एकीनं मोठमायनंतर पंप धुतला नाही. लटारूनं पाहिलं म्हणतो. मी त्यावर काही रचत नाही.

रंभा गेल्यावर पेंढ्या बांधताना मी विचारलं. इतके दिवस धीर होत नव्हता.

"मोठमाय, राग आहे का माझ्यावर?"

तिनं पेंढीला पीळ दिला, गुडघा टेकून आवळली, बाजूला टाकली.

"हाये," म्हणाली. "बहुत हाये. पैले धान होऊ दे. मंग सांगतो तुले."

कापायच्या चार बांध्या उरल्या आहेत.